वैजापूरकर सर आणि सुट्टीचे दिवस

परवा आमच्या ऑफिसात नव्यानं लागलेली मुलगी मला म्हणाली, "मॅडम, तीन दिवसांत रिपोर्ट देते." मी मान न वळवता विचारलं, "कसले दिवस? कामाचे का कॅलेंडरचे?"

ती गोंधळली. दचकले मात्र मी. आवाज माझा होता, विचारण्याची ढब माझी नव्हती. 'कसले'नंतर किंचित थांबायचं आणि 'कॅलेंडर'मधला 'लें' लांबवायचा, ही वैजापूरकर सरांची तऱ्हा. सर जाऊन दोन वर्षं होत आली. गेलेली माणसं स्वप्नात येतात म्हणतात. हे गृहस्थ माझ्या तोंडात येऊन बसलेत.

सर भेटले ते माझ्या पहिल्याच नोकरीत. मी फुलंब्रीहून रोज एसटीनं शहरात यायची. शहर तेव्हा चारही दिशांनी पसरत होतं. फुलंब्रीच्या रस्त्यावर काल ज्वारी उभी होती तिथं आज चुन्याच्या रेघा आणि 'प्लॉट विकणे आहे'च्या पाट्या दिसायच्या. लोकांनी घरं बांधली, पण नळ तिथवर पोचले नव्हते. त्यात लागोपाठ दुष्काळाची वर्षं. अशा वसाहतींना टँकरनं पाणी पुरवायचा ठेका एका कंपनीकडं होता, आणि त्या कंपनीच्या तक्रारींचा डेटाबेस आमचं चार टेबलांचं ऑफिस सांभाळायचं. टँकर चुकला की लोक आमच्याकडं फोन करायचे, आम्ही तक्रार नोंदवायची, कंपनीनं ती कामाच्या तीन दिवसांत निकाली काढायची, असा करार. तक्रार किती दिवस पडून होती हे मोजणारी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला घालायचा तयार प्रश्न, वैजापूरकर सरांनी लिहिलेली.

सर तेव्हा पन्नाशीच्या पुढचे. आधी औरंगपुऱ्यात कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचे म्हणून 'सर'. उंच, खांद्यात थोडे वाकलेले, चहा कायम बशीतून प्यायचे. भिंतीवरच्या कालनिर्णयाचं पान उलटण्याचा मान त्यांचा. एक तारीख रविवारी आली, तर नवा महिना आमच्या ऑफिसात सोमवारीच सुरू व्हायचा. कुणी आधी पान उलटलं तर सर पुन्हा मागं करून ठेवायचे. "महिना लागला असेल तुमच्या घरी. इथं अजून लागायचाय."

पहिल्याच दिवशी त्यांनी मला कामाला बसवलं. "दोन तारखा देतो. मधले कामाचे दिवस काढ."

मी मोठ्या हुशारीनं वजाबाकी केली, आठवडे पाडले, रविवार वगळले.

"दुसरा आणि चौथा शनिवार?"

तेही वगळले.

"ईद?"

मी भिंतीवरच्या कालनिर्णयाकडं बघितलं.

"अगं, सूत्रानं सुट्टी कळत नसते," सर म्हणाले. "सुट्टी माणसं ठरवतात. सूत्राला माणसाच्या मनातलं कुठून कळणार?"

मग त्यांनी कॉम्प्युटरवर आपलं तारखांचं टेबल उघडून दाखवलं. वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी एक ओळ. कामाचा दिवस असेल तर पुढं एक, सुट्टी असेल तर शून्य. दोन तारखांच्या मधले हे आकडे फक्त बेरजेला घालायचे. "बस. डोकं चालवायचं नाही, मोजायचं," असं म्हणून ते बशीत चहा ओतू लागले.

सरकारी सुट्ट्यांची यादी आली की ते शून्यं भरायला बसत. तो त्यांचा सण असायचा. एकेक सुट्टी मोठ्यानं वाचत, वार सांगत. "अरेरे, ही रविवारातच गेली!" म्हणून हळहळत. ईदचं मात्र चंद्रावर अवलंबून. सर शहागंजातल्या आपल्या मित्राला, अत्तरवाल्या रफिकभाईंना फोन लावायचे. पलीकडून रफिकभाईंचा आवाज आम्हालाही ऐकू यायचा : "क्या वैजापूरकर, चाँद अब तुम्हारे कंप्यूटर कू पूछ के निकलता क्या?" सर पोट धरून हसायचे आणि तोवर ईदच्या दोन्ही संभाव्य तारखांपुढं प्रश्नचिन्ह ठेवायचे.

त्यांचे आजोबा निजामाच्या अमदानीत महसूल दप्तरात कारकून होते. तेव्हा सुट्टी शुक्रवारी असायची. राज्य गेलं, सुट्टी रविवारी आली, पण आजोबा मरेपर्यंत दाढी शुक्रवारीच करत. हा किस्सा सर प्रत्येक नव्या माणसाला सांगायचे. "राज्य बदललं तरी म्हाताऱ्याच्या गालाला पत्ता नव्हता," म्हणायचे आणि स्वतःच्या गालावरून हात फिरवायचे. तेव्हाचे सर असे हसरे होते. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं त्यांना ओळखणाऱ्यांना हे खरं वाटत नाही.

तक्रारींच्या फोनवर एक आवाज आम्हाला पाठ होता. "हॅलो, मी सिंधूबाई बोलते, साईदीप वसाहतीतून. टँकर आला नाय बरं का." फुलंब्रीच्या रस्त्यावरच्या त्या वसाहतीत कुणाचाही टँकर चुकला तरी फोन सिंधूबाईच करायच्या. त्या धुणीभांडी करून घर चालवायच्या. नवरा नव्हता. मुलगी मंगल वाळूजला एका कारखान्यात शिफ्टला जायची. माझा आवाज ओळखून बाई विचारायच्या, "फुलंब्रीची पोरगी का तू? तुमच्याकडं तरी हाय का पाणी?" सर फोन कधीच घ्यायचे नाहीत. तो वाजला की आमच्याकडं बघायचे. त्यांचं काम मोजण्याचं.

दुष्काळाच्या त्या दुसऱ्या उन्हाळ्यात धरण तळाला गेलं होतं. एप्रिलमधला एक गुरुवार. दुपारी सिंधूबाईंचा फोन आला, मी तक्रार नोंदवली. शुक्रवारी सुट्टी होती. मग चौथा शनिवार, रविवार, आणि सोमवारी पुन्हा सुट्टी. सुट्टीतही टँकरच्या ठरलेल्या फेऱ्या चालायच्या, पण एखादी फेरी चुकली तर तिथं दुसरा टँकर पाठवायचा हुकूम द्यायला माणूस नसायचा. मंगळवारी सकाळी हुकूम निघाला, दुपारी साईदीप वसाहतीत टँकर पोचला.

मंगल रविवारी गेली.

वसाहतीच्या कडेला जुनी विहीर होती. शेत होतं तेव्हाची. प्लॉट पाडताना ती कुणी बुजवली नाही. विकणाऱ्याच्या नकाशावर त्या जागी बाग दाखवली होती. विहिरीच्या तळाला थोडं गढूळ पाणी होतं. एरवी मंगल त्या वेळी कारखान्यात असायची, पण रविवार असल्यानं घरी होती. म्हणून आईऐवजी ती उतरली. काठाचे दगड सुटले.

आम्हाला हे मंगळवारी पेपरातून कळलं. नाव वाचून मी सरांकडं पाहिलं. त्यांनी पेपर माझ्या हातातून घेतला, बराच वेळ वाचला आणि घडी घालून परत दिला. 

चौकशीला दोन सरकारी अधिकारी आले. त्यांच्याबरोबर ठेकेदार कंपनीची माणसं आणि आमचे मालक सोनवणे साहेब. प्रश्न एकच : तक्रार किती दिवस पडून होती? सरांनी सगळ्यांसमोर क्वेरी चालवली. पडद्यावर आलं : एक दिवस. मुदतीत निकाली. हिरव्या रंगात.

कंपनीच्या माणसानं सोडलेला श्वास मला ऐकू आला. सोनवणे साहेबांनी सरांच्या पाठीवर थाप मारली. अधिकाऱ्यांपैकी वयस्क होते त्यांनी विचारलं, "हे बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे," सर म्हणाले. "करारात लिहिलंय तसंच आहे."

सगळे गेल्यावर सर त्या हिरव्या ओळीपुढं बसून राहिले. बशीतला चहा तसाच राहिला, त्यावर साय धरली.

मग दोनेक आठवड्यांनी सिंधूबाई स्वतः आल्या. आवाज ओळखीचा असून बाई आम्ही कधी पाहिल्या नव्हत्या. बारीक, वाळलेल्या, उन्हानं काळवंडलेल्या. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "टँकरवाल्याच्या हापिसात गेले होते. ते म्हणले उशीर झालाच नाय. मधले दिवस धरतच नसतेत म्हणले. माझी मंगल ज्या दिशी गेली, त्यो दिवस तुमच्याकडं हाय का नाय, एवढंच बघाय आले."

सोनवणे साहेब पुढं झाले. "बाई, ते नियमानं असतं, तुम्ही बसा..."

सर उठले. आपली खुर्ची त्यांना दिली, स्वतः शेजारी उभे राहिले आणि कॉम्प्युटरवर ते तारखांचं टेबल उघडलं. बोटानं एक ओळ दाखवली.

"आहे. हा बघा. हा तो रविवार."

"ह्याच्यापुढं ह्ये काय?"

"शून्य."

"म्हंजी?"

"म्हणजे हा दिवस मोजायचा नाही."

"कोणी लिवलं?"

"मी."

सोनवणे साहेबांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण सिंधूबाई सरांच्या चेहऱ्याकडं बघत होत्या आणि त्या बघण्यात मधे पडायची हिंमत कुणाला झाली नाही. मग बाईंनी विचारलं, "तुमाला लेकरू हाय?"

"एक मुलगी आहे. पुण्याला असते."

"असू द्या," बाई म्हणाल्या. "सुखात असू द्या." आणि पदर सावरून निघून गेल्या.

शिव्या दिल्या असत्या तर सर कदाचित वाचले असते.

पुढच्या सोमवारी रिपोर्ट छापला तेव्हा त्यात एक रकाना वाढलेला होता. 'कामाचे दिवस'च्या शेजारी 'एकूण दिवस'. डाव्या रकान्यात सगळं हिरवं, उजवा लालेलाल. सोनवणे साहेब कागद नाचवत आले.

"सर, हे काय? करारात कामाचे दिवस लिहिलेत."

"ते ठेवलेत ना. हात लावला नाही त्यांना."

"मग हे कशाला?"

"तहान लागलेल्या माणसाला रविवार असतो का हो, साहेब?"

"अहो, मला कळतंय. पण ठेका जाईल. तो रकाना काढा."

"तुम्ही काढा," सर शांतपणे म्हणाले. "माझ्या हातून निघायचा नाही."

साहेबांना तो काढता येत नव्हता, आणि सरांना काढून टाकलं तर अख्खी सिस्टीम सांभाळणारं दुसरं कुणी नव्हतं. चिडचिड झाली, फोन झाले, ठेकेदार कंपनीचा माणूस येऊन आरडाओरडा करून गेला. पण तो कागद चौकशीला आलेल्या त्या वयस्क अधिकाऱ्यांपर्यंत पोचला, आणि पुढच्या उन्हाळ्यापासून सुट्टीतही टँकर पाठवायचा हुकूम देणारा एक माणूस नेमला गेला. आम्ही सरांचं अभिनंदन करायला गेलो. ते म्हणाले, "एक उन्हाळा उशीर झाला गं." तेवढंच.

त्यांच्यातलं काहीतरी मात्र त्या रविवारातच राहिलं होतं. सुट्ट्यांची यादी आली की आता ते मोठ्यानं वाचत नसत. मी एकदा शेजारी बसून पाहिलं. एकेका तारखेवर बोट ठेवून थांबायचे, जसं कुणी आंधळ्या पाण्यात पाय टाकायच्या आधी चाचपतं. "सर, मी भरू का?" मी विचारलं.

"नको. तुला नुसत्या तारखा दिसतात. तुझं बरंय." मग हळू आवाजात म्हणाले, "मला फोन करणारी माणसं दिसायला लागतात. पुढच्या वर्षीची. अजून त्यांना स्वतःलाही माहीत नाही."

त्यांच्या पत्नी, नलिनीकाकू, एकदा मला भाजी मंडईत भेटल्या. हातातली पिशवी खाली ठेवून म्हणाल्या, "वर्षा, ऑफिसात काय चाललंय गं? यांना सुट्टी सोसत नाही. रविवारी सकाळपासून दारं उघडतात, लावतात. दिवाळीला फराळ पुढं ठेवला तर म्हणाले, फोन वाजतोय. आमच्याकडं वाजतच नव्हता गं. मी म्हटलं, नाही वाजत. तर म्हणाले, इथं नाही, तिथं." काकूंचे डोळे भरून आले. "आता तर रविवारी जेवले की किल्ली घेऊन ऑफिसात जातात. तिथं काय करतात?"

मलाही ठाऊक नव्हतं. ते कळलं पुढच्याच रविवारी. आत्याकडं साखरपुड्याला आले होते, चार्जर ऑफिसात राहिला होता म्हणून दुपारी तिकडं वळले. जिन्यात चिटपाखरू नव्हतं. दार नुसतं लोटलेलं. आत पंखा बंद, खिडक्या बंद, बाहेर रणरणतं ऊन. त्या दिवशी एक तारीख होती, आणि रविवार असूनही भिंतीवर नव्या महिन्याचं पान उलटलेलं होतं. सर तक्रारीच्या फोनसमोर खुर्ची घेऊन बसले होते, दवाखान्यात आतून बोलावण्याची वाट बघत बसावं तसे. मी हाक मारणार, एवढ्यात फोन वाजला.

सरांनी तो लगेच उचलला. खोली इतकी शांत होती की पलीकडचा आवाज मला दारातून ऐकू आला.

"आज सुट्टी हाय ना?"

"हो, सिंधूबाई."

"मग उचलला कामून?"

"मी आहे इथं."

 मग त्या म्हणाल्या, "आज टँकर आला."

"बरं झालं."

"मंगलला पिवळा रंग लई आवडायचा. सांगितलं का मी तुमाला?"

"नाही. सांगा."

मी चार्जर न घेताच मागं फिरले.

नंतर एकदा सरांनीच सांगितलं. मंगल गेल्यानंतर सिंधूबाई सुट्टीच्या दिवशी या नंबरवर फोन करायच्या. कुणी उचलणार नाही हे माहीत असून. बंद ऑफिसात तो वाजत राहतो एवढं ऐकायच्या आणि ठेवायच्या. किती महिने हे चाललं होतं कोण जाणे. सर पहिल्यांदा सुट्टीत येऊन बसले तेव्हा तो खरंच वाजला. ते म्हणाले, "मला वाटलं होतं भास आहे. डॉक्टरकडं जावं असं ठरवत होतो. म्हटलं, एकदा जाऊन खात्री करावी. तर वाजला. हातपाय गार पडले माझे."

"मग काय बोललात?"

"काय बोलणार? नाव सांगितलं. बाईनं ओळखलं. म्हणाली, शून्य लिवणारे का तुम्ही? मी म्हटलं, हो, तोच." सर खिडकीबाहेर बघत राहिले. "मी विचारलं, एकदा घरी येऊ का तुमच्या? तर म्हणाली, नका येऊ. तुमचं तोंड बघवायचं नाय माझ्यानं. फोनवर बोला."

तेव्हापासून ते ऐकत गेले. मंगल लहानपणी माती खायची. मंगलला शिफ्टच्या बसमध्ये उलटी व्हायची, म्हणून ती खिडकीशी बसायची. मंगलनं पहिल्या पगारात आईला पंखा घेतला होता. सरांनी यातलं कुठंच काही लिहून ठेवलं नाही. पण कधी कामाच्या मधेच ते अचानक म्हणायचे, "तिला मेथी आवडायची नाही," आणि आम्हाला कळायचं कोणाबद्दल बोलतायत. स्वतःच्या मुलीचा पुण्याहून फोन आला की मात्र ते अवघडून जायचे. दोन वाक्यं बोलून काकूंच्या हाती द्यायचे. काकू म्हणायच्या, लेकीशी बोलताना हे चोरी केल्यासारखे दिसतात.

सर निवृत्त झाले. ते ऑफिस पुढं मोठ्या इमारतीत गेलं, तक्रारी मोबाईलवर यायला लागल्या आणि तो जुना फोन बंद झाला. माझं लग्न झालं, मी शहरात राहायला आले, दुसरी नोकरी धरली. सरांची खबर अधूनमधून नलिनीकाकूंकडून कळायची. सुट्टीच्या दिवशी ते आता सकाळीच कुठंतरी जातात, उन्हं कलल्यावर येतात, एवढंच काकूंना ठाऊक होतं. त्यांनी विचारणं सोडलं होतं.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते एसटीच्या खिडकीतून. उन्हाळ्यातला रविवार. माहेरी चालले होते. फुलंब्रीच्या रस्त्याचं रुंदीकरण चालू होतं, दोन्ही बाजूंची वडाची झाडं तोडून टाकलेली. गाड्यांची रांग लागली आणि आमची बस साईदीप वसाहतीसमोर अडकली. वसाहत ओळखू येत नव्हती. तीन-चार मजली इमारती उभ्या राहिल्या होत्या, विहिरीच्या जागी मोबाईलचं दुकान. टँकर मात्र होताच. त्याच्याभोवती ड्रम, कळश्या, बायकांचा गलका.

रस्त्याच्या अलीकडच्या बाजूला, खडीच्या ढिगाशेजारी, सर उभे होते. डोक्यावर काही नाही. खांदे आणखी वाकलेले. ते पलीकडच्या टँकरकडं बघत होते. रस्ता ओलांडायची काही खटपट नव्हती. असे ते किती रविवार तिथं उभे राहिले असतील, देव जाणे. मी हाक मारायला खिडकीची काच सरकवू लागले, ती अडकली होती.

तेवढ्यात पलीकडच्या गर्दीतून एक बाई निघाली. केस पांढरे झालेले, पण चण तीच. सिंधूबाई. हातात पाण्यानं भरलेला तांब्या. अडकलेल्या गाड्यांमधून वाट काढत, पाणी सांडू न देता त्या रस्ता ओलांडून आल्या. सरांपासून दोन हातांवर थांबल्या. मान खाली होती. तांब्या खडीवर ठेवला आणि त्यांच्याकडं पाठ करून उभ्या राहिल्या.

सर काही क्षण तसेच थांबले. मग उकिडवे बसले, दोन्ही हातांनी तांब्या उचलला आणि प्यायला लागले. घाईनं नाही, मधे न थांबता. पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर ओघळत होतं. पिऊन झाल्यावर त्यांनी तांब्या होता तिथं ठेवला. त्याचा खडीवर आवाज झाला तशा सिंधूबाई वळल्या, नजर वर न करता तो उचलला आणि आल्या तशा गाड्यांमधून परत गेल्या.

रांग हलली. बस पुढं गेली. मी मागच्या काचेतून बघत राहिले. सर अजून तिथंच बसलेले होते, ओल्या सदऱ्यावर एक हात ठेवून.